सत्तरीनंतर आतड्याच्या ऑपरेशनवर केमो: झेपेल की नाही, हे कशावरून ठरतं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान योजना सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना खुली झाली. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. त्याआधी इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामानगरात एखाद्या आजोबांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, की 'पुढची केमो परवडायची कशी' इथेच बोलणं अडायचं. आता कार्ड हातात आहे. त्यामुळे पैशांच्या आड लपलेला प्रश्न समोर आला: या वयात ती सोसेल का?

घरात लगेच दोन पक्ष पडतात. धाकटा म्हणतो, गाठ निघाली ना, आता बाबांना कशाला छळायचं? थोरली पुण्याहून फोनवर सांगते, पैसे लागत नाहीत तर सगळ्यात जोरदार औषध द्या. दोघांनाही बाबांची काळजी आहे आणि दोघांनीही बाबांच्या मूत्रपिंडाचा आकडा पाहिलेला नाही. तो आकडा, त्यांची चाल, त्यांचं ताट आणि घरात दिवसभर कोण असतं, या चार गोष्टी जन्मतारखेपेक्षा जास्त सांगतात.

## गाठ निघाली, मग औषध कशासाठी?

माळव्यात सोयाबीनच्या शेतातलं गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटलं तर काम संपलं. फुलोरा येऊन गेल्यावर उपटलं तर रोप हातात येतं, पण बी मातीत पडून गेलेलं असतं. सर्जन रोप उपटतो. रक्तातून किंवा लसीकावाहिन्यांतून निसटलेल्या पेशी इतक्या थोड्या असतात, की सीटी स्कॅनला दिसत नाहीत आणि पेट स्कॅनलाही नाहीत. ऑपरेशननंतर दिलेली केमो त्या न दिसणाऱ्या बियांसाठी असते. स्कॅन स्वच्छ असताना औषध का देतात, याचं उत्तर एवढंच आहे.

बी पडलं असण्याची शक्यता किती, हे बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट सांगतो. ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी हा कागद मिळतो आणि पुष्कळ घरांत फायलीत न वाचता जातो. त्यातल्या तीन जागा बघा. टी म्हणजे रोग आतड्याच्या भिंतीत किती खोल गेला. टी-४ असेल तर तो भिंत ओलांडून गेलेला आहे. एन म्हणजे आतड्यालगतच्या चरबीत असलेल्या हरभऱ्याहून लहान लसीकाग्रंथी, ज्यांना दवाखान्यात सगळे 'नोड' म्हणतात, त्यांपैकी किती नोडमध्ये रोग सापडला. तिसरा आकडा एकूण किती नोड तपासले याचा. तो किमान १२ असायला हवा. सहाच नोड तपासले आणि सहाही स्वच्छ निघाले, तर त्या स्वच्छपणावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

एकाही नोडमध्ये रोग नसेल आणि तो भिंतीच्या आतल्या भागापुरताच असेल तर पहिला टप्पा. तिथे केमो नाही. रोग भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत किंवा पलीकडे गेला पण नोड स्वच्छ आहेत, तर दुसरा टप्पा. इथे केमोचा फायदा मुळातच थोडा असतो. टी-४ असणं, आतडं फुटलेलं किंवा पूर्ण बंद झालेलं असणं, नोड कमी तपासलेले असणं, अशी कारणं असतील तरच तिचा विचार होतो. एक जरी नोड बाधित असेल तर तिसरा टप्पा. खरा वाद तिसऱ्या टप्प्यातच होतो.

आणखी एक ओळ शोधा: एमएसआय किंवा एमएमआर. पेशीची चुका दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडली आहे का, याची ही तपासणी. म्हाताऱ्या माणसांच्या, विशेषतः उजव्या बाजूच्या आतड्याच्या गाठींमध्ये ती बिघडलेली बऱ्याचदा सापडते. दुसऱ्या टप्प्यात ती बिघडलेली निघाली, तर रोग परतण्याचा धोका कमी असतो आणि नुसत्या गोळ्यांच्या केमोचा उपयोग होत नाही. या एका तपासणीमुळे एखाद्या आजींची सहा महिन्यांची केमो वाचू शकते. रिपोर्टमध्ये ती नसेल तर मागून करून घ्या. गाठीचे मेणाचे ठोकळे प्रयोगशाळेत जपून ठेवलेले असतात.

## शंभरात किती जणांना फायदा होतो?

तिसऱ्या टप्प्याचे १०० रुग्ण घेतले, तर ढोबळमानाने ५० जण नुसत्या ऑपरेशनने बरे होतात. त्यांना केमोची गरजच नव्हती, पण ते ५० कोण हे आधी कळत नाही. जुनं, मुख्य औषध फाइव्ह-एफयू किंवा त्याचंच गोळीरूप कॅपेसिटाबिन दिलं, की आणखी १० ते १५ जण वाचतात. त्यात ऑक्सॅलिप्लॅटिन हे दुसरं औषध जोडलं, तर आणखी ४-५. उरलेल्यांत केमो घेऊनही रोग परततो.

हा हिशेब नीट मनात ठेवला तर निम्मा गोंधळ संपतो. पहिलं औषध म्हणजे वरण, दुसरं म्हणजे वरची फोडणी. पोट वरणाने भरतं. फोडणीने भर पडते, पण पित्ताचा त्रासही बहुतेक तिचाच असतो.

आता वयाकडे येऊ. २००१ मध्ये सात चाचण्यांतल्या ३,३५१ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. सत्तरीच्या वरच्यांना फाइव्ह-एफयूवर आधारलेल्या केमोचा फायदा तरुणांइतकाच झाला होता. ऑक्सॅलिप्लॅटिनचं तसं नाही. ज्या चाचणीमुळे ते २००४ नंतर जगभर वापरात आलं, तिच्यात ७५ च्या वरच्यांना घेतलंच नव्हतं. आणि ७० ते ७५ मधल्यांना त्या जास्तीच्या औषधाचा स्पष्ट फायदा दिसला नाही. म्हणून सत्तरीपुढे अनेक डॉक्टर नुसतं वरण वाढतात. हा 'कमी प्रतीचा उपचार' नव्हे. पुण्याच्या ताईंना हे आधी समजावून सांगावं लागतं.

एक मेख आहे. त्या चाचण्यांत घेतलेले सत्तरीचे लोक ठणठणीत होते. काठी घेऊन चालणारे, मधुमेहाच्या चार गोळ्या घेणारे, ऑपरेशनात सात किलो उतरलेले आजोबा त्यांत फारसे नव्हते. म्हणून पुढचा भाग महत्त्वाचा.

## वय वाढल्यावर शरीरात नेमकं काय बदलतं?

इंदुरात नर्मदेचं पाणी कित्येक भागांत एक दिवसाआड येतं. गच्चीवरची टाकी मोठी असेल तर एखाद्या दिवशी पाणी चुकल्याचं घरात कळतही नाही. टाकी लहान असेल तर तेच पाणी, तेच नळ, तीच माणसं. पण एक पाळी चुकली की संध्याकाळी भांडी पडून राहतात. म्हातारपणी शरीराचं असंच होतं. रोजचं सगळं नीट चालू असतं, शिलकीची टाकी तेवढी लहान झालेली असते. हाडातल्या मज्जेला पांढऱ्या पेशी पुन्हा भरून काढायला जास्त दिवस लागतात. तहान उशिरा लागते. आणि मूत्रपिंडं मंदावतात, पण रिपोर्टवर ते दिसत नाही.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.१ आलं, शेजारी 'नॉर्मल' छापलं होतं, म्हणून सगळे निश्चिंत. हा आकडा स्नायूंतून येतो. बारीक आजींचे स्नायू कमी, म्हणून त्यांचं क्रिएटिनिनही कमी दिसतं. मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं, ते काढण्याचं गणित घरी करता येतं: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, मग क्रिएटिनिन गुणिले ७२ या संख्येने भागा, बाई असेल तर उत्तर ०.८५ ने गुणा.

वय ७४, वजन ५२ किलो, क्रिएटिनिन १.१ घ्या. ६६ गुणिले ५२ म्हणजे ३,४३२. भागिले ७९.२, म्हणजे ४३. गुणिले ०.८५, म्हणजे ३७ च्या आत-बाहेर. तेच १.१ क्रिएटिनिन असलेल्या ४५ वर्षांच्या, ६० किलोच्या पुरुषाचं उत्तर ७२ येतं. 'नॉर्मल' हा शब्द दोघांच्याही कागदावर आहे.

कॅपेसिटाबिनचा नियम असा: हा वेग ३० ते ५० च्या मध्ये असेल तर डोस पाव भागाने कमी; ३० च्या खाली असेल तर ती गोळी द्यायचीच नाही. एकट्या कॅपेसिटाबिनचा छापील डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १,२५० मिलिग्रॅम, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आपल्या आजींचा पृष्ठभाग, उंची १५२ सेंटिमीटर धरली, तर दीड चौरस मीटरच्या जरा खाली. म्हणजे एका वेळेला सुमारे १,८५० मिलिग्रॅम. मूत्रपिंडापायी पाव कमी केला की १,४०० च्या आसपास. ५०० च्या गोळीच्या हिशेबात पावणेचार गोळ्यांच्या जागी पावणेतीन. वरखाली जुळवायला १५० ची छोटी गोळी मिळते. वृद्धांमध्ये बरेच डॉक्टर मुळात १,२५० ऐवजी १,००० पासूनच सुरुवात करतात.

फक्त 'नॉर्मल' वाचून पूर्ण डोस सुरू झाला तर दहाव्या-बाराव्या दिवशी जुलाब लागतात. मग घरात म्हणतात, वयामुळे झेपलं नाही. झेपलं नाही ते गणित न केल्यामुळे.

## घरच्या खुर्चीवर करायची परीक्षा

एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिथून तीन मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खडूने रेघ मारा. बाबांना खुर्चीवर टेकून बसवा. 'उठा' म्हटलं की उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मोबाइलवर वेळ मोजा. दहा सेकंदांच्या आत झालं तर छान. बारा किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे आणि डॉक्टरांना हे सांगितलंच पाहिजे. घाई करायला लावू नका. शर्यत नाही ही.

बघायचं नुसत्या सेकंदांकडे नसतं. उठताना मांडीवर हात रेटावे लागतात का? वळताना पावलं छोटी होऊन अडखळतात का? पहिल्याच झटक्यात उठता येत नाही का? ओपीडीत डॉक्टरांसमोर आजोबा दोन मिनिटं ताठ बसतात, 'मी एकदम ठीक' म्हणतात. खुर्चीसमोर असा आव आणता येत नाही.

डॉक्टरांकडे जी-८ नावाची आठ प्रश्नांची छोटी तपासणी असते: खाणं कमी झालंय का, तीन महिन्यांत वजन किती उतरलं, घराबाहेर पडतात का, स्मरण आणि मन कसं आहे, वजन उंचीच्या मानाने किती, तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का, बरोबरीच्या लोकांच्या तुलनेत तब्येत कशी वाटते, आणि वय. एकूण १७ गुण. १४ किंवा कमी आले तर सविस्तर तपासणी करावी. आठ प्रश्नांत वय हा एकच प्रश्न आहे, हे लक्षात घेण्यासारखं.

या तपासणीचा उपयोग 'केमो नको' म्हणण्यासाठीच होतो असं नाही. डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या, जी-८ मध्ये कमी गुण मिळालेल्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना नेहमीसारखी केमो. उरलेल्यांची वृद्धरोगतज्ज्ञाने आधी नीट घडी बसवली: नको ती औषधं काढली, आहार सुधारला, व्यायाम लावला, एकटेपणाकडेही पाहिलं. डोस न घटवता, तारखा न लांबवता केमो पूर्ण करणारे नेहमीच्या गटात १०० पैकी २८ होते, घडी बसवलेल्या गटात ४५. औषध तेच होतं. भारतातही आता असे विभाग होऊ लागले आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये वृद्ध कर्करुग्णांसाठी वेगळं क्लिनिक चालतं.

वेळ मात्र फार नाही. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी असा प्रयत्न असतो. जखम चिघळली तर थोडं पुढे जातं, पण तीन महिने उलटल्यावर सुरू करण्यात फारसा अर्थ राहत नाही. म्हणजे घडी बसवायची ती घरी आल्याच्या पहिल्या आठवड्यापासूनच: दोन्ही वेळच्या जेवणात डाळ, दही, पनीर किंवा अंडं, दिवसातून चारदा अंगणात फेरी, दर सोमवारी त्याच काट्यावर वजन.

## गोळ्यांची केमो म्हणजे सोपी केमो?

सलाइन नाही, छातीत पोर्ट (औषध टोचण्याची छोटी डबी) बसवणं नाही, कमरेला पंप बांधून ४६ तास फिरणं नाही. म्हणून घरच्यांना कॅपेसिटाबिन आवडतं. १४ दिवस गोळ्या, ७ दिवस सुट्टी, अशा एकवीस दिवसांच्या सायकली. पण सलाइनच्या केमोत डोस नर्स मोजते. इथे तो आजोबा मोजतात, डब्यातून, चष्मा शोधून. विसरभोळेपणा सुरू झालेला असेल आणि दिवसभर घरी कोणी नसेल, तर पंपाची केमो जास्त सुरक्षित ठरू शकते. हे उलटं वाटतं, पण खरं आहे.

गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. दोन डोसांत साधारण बारा तास. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही. चुकला तो चुकला. एकादशी-चतुर्थी असेल आणि आजी ऐकत नसतील, तर साबुदाण्याची खिचडी चालते. पोट रिकामं नसावं इतकंच गोळीला हवं असतं, भाकरी की साबुदाणा हे तिला कळत नाही. निर्जळी मात्र अजिबात नको.

मग घरातली 'निरुपद्रवी' औषधं. अशक्तपणा वाटतो म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून ताकदीच्या गोळ्या आणल्या जातात. त्यांत बहुधा फॉलिक ॲसिड असतं, आणि फॉलिक ॲसिड या केमोचा विषारीपणा वाढवतं. पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचा, किंवा सरळ बंद करून डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर रक्त धोकादायक इतकं पातळ होऊ शकतं. फिट्सची फेनिटॉइन चालू असेल तर तिचं प्रमाण वाढतं. आणि गुडघेदुखीच्या गोळ्या! त्या मूत्रपिंडावर घाव घालतात, आणि मूत्रपिंडाचं काय महत्त्व आहे ते वर आलंच.

काही थोड्या लोकांमध्ये हे औषध मोडणारं डीपीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. त्यांना नेहमीचा डोसही विषासारखा लागतो: पहिल्याच सायकलीत, चार-दहा दिवसांत, तोंड पूर्ण सोलून निघणं, थांबता न थांबणारे जुलाब, पांढऱ्या पेशी तळाला. युरोपच्या औषध नियामकाने २०२० मध्ये केमोआधी याची तपासणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडे ती सगळीकडे आपोआप होत नाही. विचारली तर रक्ताचा नमुना पाठवून करता येते. सत्तरीपुढे विचारावीच.

तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, त्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. यावर एक चांगलं काम आपल्याच देशात झालं. दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत तळहातांवर १ टक्क्याचं साधं डायक्लोफेनॅक जेल दिवसातून दोनदा लावलं. त्रासदायक पातळीचा हँड-फूट सिंड्रोम औषध नसलेल्या जेलच्या गटात १०० पैकी १५ जणांना झाला, डायक्लोफेनॅकच्या गटात ४ जणांनाही नाही. हे जेल, गोळी नव्हे. गोळीबद्दल आत्ताच सांगितलं. शिवाय युरिया असलेलं क्रीम लावा, घट्ट चप्पल टाळा, भांडी गरम पाण्याने घासू नका.

## खरा शत्रू: जुलाब

तरुणाला केमोत पाच जुलाब झाले तर तो वैतागतो. पंचाहत्तरीच्या माणसाला झाले तर एक साखळी सुरू होते. पाणी गेलं, तहान लागली नाही, लघवी कमी झाली, मूत्रपिंड मंदावलं, औषध शरीरातून बाहेर पडायचं थांबलं, साठलेल्या औषधाने आणखी जुलाब. त्यात सकाळची रक्तदाबाची गोळी नेमाने घेतली गेली, ती लघवी वाढवणारी होती. तिसऱ्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये चक्कर, मांडीचं हाड मोडलं. केमोमुळे आजोबा गेले असं नंतर सगळे म्हणतात. साखळी कुठे तोडता आली असती हे कोणी विचारत नाही.

तोडायची ती पहिल्या दिवशी. नेहमीपेक्षा चार जुलाब जास्त झाले, किंवा रात्री उठावं लागलं, की कॅपेसिटाबिन थांबवायचं आणि फोन करायचा. थांबवलं तर रोग वाढेल ही भीती काढून टाका. दोन दिवसांच्या खंडाने काही बिघडत नाही, पुढे रेटल्याने बिघडतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण टाका. अर्धं पाकीट पेल्यात टाकण्याची जी सवय आहे ती चुकीची. त्याने क्षारांचं प्रमाण बिघडतं. डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं लोपेरामाइड घरात असावं: सुरुवातीला ४ मिलिग्रॅम, मग प्रत्येक पातळ शौचानंतर २, दिवसात १६ च्या वर नाही. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर ते घेऊ नका, सरळ दवाखाना.

पहिल्या सायकलीच्या आधीच डॉक्टरांकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: जुलाब-उलट्यांच्या दिवशी कोणत्या गोळ्या थांबवायच्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन यांचा त्यात विचार होतो. आपल्या मनाने रोजच बंद करायच्या नाहीत, फक्त त्या दिवसांपुरत्या. चिठ्ठी फ्रिजला लावा. तोंड आलं असेल त्या दिवसांत पोह्यांवरची सेव वगळा, लौंग सेव तर नकोच. इंदुरी माणसाला हे सर्वांत अवघड जातं.

## ताप आणि छाती

१००.४ फॅरनहाइट ताप आला, की पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात न्यायचं. पांढऱ्या पेशी तळाला असताना, सायकलीच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत, आलेला ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसांत तापही येत नाही कधीकधी. ती नुसती गप्प होतात, भलतंच बोलतात, किंवा जेवायला उठत नाहीत. तेही तापाइतकंच गंभीर धरा.

पहिल्या काही दिवसांत छातीत दुखलं तर पित्त समजू नका. हे औषध हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळू शकतं. गोळी बंद, ईसीजी लगेच.

## फोडणी घ्यायचीच ठरली तर: थंडी आणि मुंग्या

तब्येत दणकट, नोड बरेच बाधित, वय ७१-७२, तर ऑक्सॅलिप्लॅटिनचा विचार होतो. त्याचा स्वभाव विचित्र आहे. सलाइननंतर तीन-चार दिवस थंड वस्तूला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं की घसा आवळून श्वास अडल्यासारखं वाटतं. श्वास खरोखर अडत नाही. कोमट पाण्याचे घोट घेतले की जातं. जानेवारीत इंदुरात सकाळी नळाच्या पाण्याने तोंड धुणं, फ्रिजमधून दूध काढणं, शिकंजी, सगळं त्या दिवसांत बंद.

ही थंडीची तऱ्हा जाते. हळूहळू साठणाऱ्या मुंग्या राहू शकतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांची केमो तपासली गेली. रोजच्या कामात अडथळा आणणाऱ्या मुंग्या सहा महिने घेणाऱ्यांत १०० पैकी ४५ च्या आसपास लोकांना झाल्या, तीन महिनेवाल्यांत १५ च्या आसपास. आणि टी-४ नाही, बाधित नोड तीनपर्यंतच, अशा रुग्णांत कॅपेसिटाबिन व ऑक्सॅलिप्लॅटिनच्या तीन महिन्यांनी जवळपास तेवढंच काम केलं. म्हणजे आठऐवजी चार सायकली. वृद्धांसाठी ही मोठी सूट आहे, आणि ती मागून घ्यायला लाजू नये.

मुंग्या किती वाढल्यात हे 'बरं आहे' म्हणण्यावरून कळत नाही. सदऱ्याची बटणं लावायला किती वेळ लागतो ते पाहा. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का? दोन्हींपैकी एक जरी दिसलं, तर पुढच्या सलाइनआधी सांगा. ऑक्सॅलिप्लॅटिन तिथेच थांबवून गोळ्या चालू ठेवता येतात. हे औषध बंद केल्यावरही दोन-तीन महिने मुंग्या वाढत जातात, म्हणून 'अजून एक घेऊन बघू' हे महागात पडतं. बी-१२ सुरुवातीलाच तपासा. आपल्या शाकाहारी घरांत, त्यातून मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, ते कमी असण्याची शक्यता बरीच. त्याची सुई वेगळी द्यावी, फॉलिक ॲसिड मिसळलेली गोळी नव्हे.

## 'पण सत्तरी झाली, आयुष्य उरलंय किती?'

'भारतीयांचं सरासरी आयुष्य सत्तर' हा आकडा जन्माला आलेल्या बाळाचा आहे. जो सत्तरीला पोहोचला, त्याने बालपणीचे आजार, अपघात, पन्नाशीतला हार्ट अटॅक, सगळं मागे टाकलेलं असतं. त्याला सरासरीने आणखी दहाहून जास्त वर्षं मिळतात. आतड्याचा कर्करोग परतायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत परततो. दहा वर्षं जगू शकणाऱ्या माणसासाठी तीन वर्षांतला धोका खरा असतो. उलट, हृदय निम्म्या ताकदीने चालतंय, डायलिसिस चालू आहे, अंथरूण सुटत नाही, अशा माणसाच्या वाट्याला केमोचा त्रास येतो आणि फायदा येईपर्यंतचा वेळ येत नाही. तिथे केमो न देणं हाच चांगला उपचार.

## 'डोस कमी केला तर उपयोग काय?'

ऐंशी टक्के डोसने सुरू करून सगळ्या सायकली पूर्ण करणं, शंभर टक्क्यांनी सुरू करून दुसऱ्या सायकलीत आयसीयूत जाण्यापेक्षा बरं. पहिली सायकल सोसली, तर दुसरीत वाढवता येतो. मध्येच सोडावी लागली तरी घेतलेल्या सायकली वाया जात नाहीत. तीन महिन्यांच्या केमोच्या अभ्यासातून तेच दिसतं.

## 'बाबांना कर्करोग म्हणून सांगितलेलंच नाही'

आपल्याकडे हे फार. मग जुलाब झाले तरी बाबा सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते ते 'आतड्याच्या सुजेच्या' गोळ्या घेताहेत आणि सून आधीच दमलेली आहे. ज्याला कशाचं औषध आहे हे माहीत नाही, त्याच्याकडून धोक्याची खूण वेळेवर कळत नाही. शिवाय निर्णय त्यांचा आहे. दहांत एकाच्या फायद्यासाठी सहा महिने दर तीन आठवड्यांनी दवाखाना, हा सौदा त्यांना करायचाय का, हे त्यांनाच विचारा. काही जण नातीचं लग्न बघायचंय म्हणून हो म्हणतात. काही जण शांतपणे नाही म्हणतात. दोन्ही उत्तरं शहाणपणाची असू शकतात.

## केमो संपल्यावर चालणं

२०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीची बातमी बऱ्याच ठिकाणी आली. केमो पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी अर्ध्यांना तीन वर्षं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला, अर्ध्यांना फक्त माहितीपुस्तिका. पाच वर्षांनी रोग न परतता असलेले पुस्तिकेच्या गटात सुमारे ७४ टक्के, व्यायामाच्या गटात ८० टक्के. औषधाने मिळावी इतकी ही भर आहे. मात्र त्या रुग्णांचं वय बहुतांशी साठीच्या आसपास होतं आणि कोणीतरी मागे लागून चालवून घेत होतं. 'चालत जा' एवढं सांगून ती भर मिळत नाही.

म्हणून ठरवून चाला: पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ, बोलता येईल पण गाता येणार नाही इतका वेग. रस्ता सपाट हवा आणि बसायला बाक हवेत. मुंग्या असतील तर बंद बूट, चप्पल नाही. सोबतीला कोणी असावं, पहिले दोन महिने तरी. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खडूच्या रेघेवरची तीच खुर्ची, तोच मोबाइल, तेच सेकंद. वहीत लिहून ठेवायचे आणि तपासणीला जाताना वही बरोबर न्यायची.